पंखाचं माप

मैत्रिणींनो, आपल्या पुरवणीकडे येणाऱ्या पत्रांचे विषय साधारण ठरलेले असतात. सासू-सुनेचं कुरबुरीचं, दहावीच्या वर्षाचं, गुडघ्यांचं, घरखर्चाच्या तोंडमिळवणीचं. गेल्या आठवड्यात मात्र एक पत्र आलं ते थेट आभाळाचा विषय घेऊन. लिहिणाऱ्या ताई तालुक्याच्या गावी राहतात. मुलगी शिकायला अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिना राज्यात. तिथल्या समुद्रकाठच्या वाळूच्या टेकडीवर ती हँग ग्लायडिंग शिकतेय. आता तिच्या वर्गातला एक मुलगा आपला जुना ग्लायडर स्वस्तात विकतोय आणि तो घ्यायचं तिच्या मनात आहे. मुलगी उंचीपुरी, अंगानं भरलेली. वजन ९५ किलो.

ताईंनी ही गोष्ट घरात सांगितली मात्र, हसण्याचा नुसता कल्ला झाला. पंख मोडेल म्हणे! आधी वीस किलो उतरव म्हणावं, मग उड! नणंदेनं तर लग्नाचा विषय काढून त्यात आणखी मीठ चोळलं. ताईंचा प्रश्न साधा आहे. एवढ्या वजनाच्या मुलीनं हे करावं का, की आईनं तिला सरळ नाही म्हणून सांगावं?

उत्तर आधीच सांगून टाकते. मुलीनं उडावं. पण तो ग्लायडर घेऊ नये. ही दोन वाक्यं वेगवेगळी आहेत आणि आपली सगळी चूक होते ती ही दोन्ही एकत्र केल्यामुळे. ग्लायडर नको तो मुलगी जाड आहे म्हणून नव्हे, पंख तिच्या मापाचा नाही म्हणून. ब्लाउज दंडात दाटला तर आपण दंड कापत नाही ना? शिलाई उसवतो. इथेही तेवढंच आहे. फक्त इथे माप चुकलं तर टाका उसवत नाही, हाड मोडतं. म्हणून हा विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही, आणि 'नाही म्हणजे नाही' म्हणून मिटवण्यासारखाही नाही.

हँग ग्लायडर म्हणजे काय, ते आधी बघू. अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांचा सांगाडा आणि त्यावर ताणून बसवलेलं मजबूत कापड. आकार भल्या मोठ्या बाणाच्या टोकासारखा. इंजिन नाही, पंखा नाही. उडणारी व्यक्ती त्याखाली हार्नेसमध्ये लोंबकळते. हार्नेस म्हणजे आपण तान्ह्या बाळाला बांधतो त्या झोळीचीच मोठी, पट्ट्यापट्ट्यांची बहीण समजा. समोर त्रिकोणी चौकट असते. तिची आडवी दांडी दोन्ही हातांत धरायची आणि स्वतःचं अंग पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे सरकवायचं. त्यावरच ग्लायडर चालतो.

बैलगाडी भरताना पाहिलेल्या बायकांना हे लगेच कळेल. भार मागे गेला की जू वर उचलतं, पुढे आला की बैलाच्या मानेवर बसतं. तसंच इथे. अंग पुढे नेलं की पंखाचं नाक खाली जातं आणि वेग वाढतो. मागे ढकललं की नाक वर येतं आणि वेग कमी होतो. म्हणजे जे वजन आपण जन्मभर ओझं म्हणून वागवतो, तेच या वाहनाचं स्टिअरिंग असतं. वजन नसेल तर ग्लायडर वळणारच नाही!

आणि एक गंमत सांगू? हा पंख पहिल्यांदा शिवला तो एका बाईनं. फ्रान्सिस रोगॅलो हे अमेरिकेच्या सरकारी विमान संशोधन संस्थेत इंजिनीअर होते. लवचीक, घडी होणारा पंख करता येईल अशी त्यांची कल्पना होती. ऑफिसात तिला कुणी विचारेना, म्हणून नवरा-बायकोनं घरीच प्रयोग सुरू केले. १९४८ साली तो पंख हवेत गेला. त्याचं कापड होतं स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा, आणि शिवण होती त्यांच्या पत्नी गर्ट्रूड यांची. १९५१ मध्ये पेटंट मिळालं, त्यावर दोघांचंही नाव आहे. पुढे १९६३ साली ऑस्ट्रेलियात ग्राफ्टन गावच्या जॉन डिकन्सन यांनी या पंखाला माणूस टांगायची चौकट जोडली आणि बोटीमागे ओढून तो नदीवर उडवला. त्याचं कापडही साधंच होतं. केळीच्या घडांवर घालतात ते प्लॅस्टिक! आपल्या जळगावकडच्या मैत्रिणींना हे वाचून नक्की हसू येईल.

ताईंची मुलगी ज्या भागात शिकते, तिथेच नॅग्ज हेड गावाजवळ जॉकीज रिज नावाची प्रचंड वाळूची टेकडी आहे. राइट बंधूंनी १९०३ साली पहिलं विमान उडवलं ती जागाही तिथून जवळच. १९७३ मध्ये ही टेकडी सपाट करून घरं बांधायचं काम सुरू झालं, तेव्हा कॅरोलिस्टा बॉम नावाची बाई बुलडोझरपुढे जाऊन उभी राहिली आणि यंत्र मागे फिरवलं. दोन वर्षांनी, १९७५ मध्ये तिथे सरकारी उद्यान झालं. आज तिथे शिकाऊ मुलंमुली वाळूच्या उतारावरून पळत पळत जमिनीपासून थोड्याच उंचीवर उडतात आणि पडले तर वाळूतच पडतात. पंख एका बाईनं शिवलेला, टेकडी दुसरीनं वाचवलेली. तिथे तिसरीनं 'मी जाड आहे' म्हणून खाली उभं राहायचं, हे मनाला पटत नाही.

पण नुसतं मनाला पटून भागत नाही. हिशेब पटला पाहिजे. तो आता करू. भाजीच्या हिशेबापेक्षा अवघड नाही.

ग्लायडर निवडताना एकच प्रश्न मुख्य असतो. पंखाच्या एकेका चौरस फुटावर किती वजन येतंय? शिकाऊ ग्लायडरसुद्धा वेगवेगळ्या मापांचे मिळतात. विल्स विंग कंपनीचा 'फाल्कन' हा शिकाऊंसाठीचा प्रसिद्ध ग्लायडर आहे. त्याच्या नावापुढे १४५, १७०, १९५ असे आकडे लावलेले असतात. ते साधारणपणे पंखाचं चौरस फुटांतलं क्षेत्रफळ असतं. बाकीच्या कंपन्यांचंही थोड्याफार फरकानं असंच. म्हणजे स्मॉल, मीडियम, लार्ज!

आता समजा, ग्लायडर विकणारा तो मुलगा ६५ किलोचा आहे आणि त्याचा पंख १७० चा आहे. अंगावरचं सामान म्हणजे हार्नेस, हेल्मेट, संकटकाळचं पॅराशूट, बूट, जाड कपडे, हे सगळं धरून १० किलो. झाले ७५. ग्लायडर स्वतः २३ किलोचा. एकूण ९८ किलो हवेत. ताईंच्या लेकीचे ९५ अधिक १० म्हणजे १०५, आणि ग्लायडरचे २३ मिळून १२८ किलो. पंख तोच, भार साधारण तीस टक्क्यांनी जास्त.

यानं काय होतं? लोकांना वाटतं, जड माणूस दगडासारखं खाली येणार. तसं होत नाही. पंख तोच असेल तर हलका आणि जड, दोघंही जवळपास त्याच उताराच्या रेषेत पुढे जातात. जड माणूस त्या रेषेवरून फक्त जास्त वेगानं जातो. घसरगुंडी तीच, घसरण्याचा वेग जास्त. भार तीस टक्क्यांनी वाढला तर वेग तीस टक्क्यांनी वाढत नाही, साधारण चौदा टक्क्यांनी वाढतो. म्हणजे मुलाला हवेत तरंगायला ताशी कमीत कमी २८ किलोमीटर वेग लागत असेल, तर तिला त्याच पंखावर ३२ लागेल.

चार किलोमीटरचा तर फरक, असं वाटेल. पण हा वेग पायांनी गाठायचा असतो, हे लक्षात घ्या. इथे इंजिन नाही, पळायचं आपणच. खांद्यावर २३ किलोचा ग्लायडर घेऊन उतारावरून वाऱ्याच्या तोंडावर पळत सुटायचं. समोरून ताशी १५ किलोमीटरचा वारा असेल तर मुलाला १३ च्या वेगानं पळावं लागेल आणि तिला १७ च्या. १३ म्हणजे एसटी सुटताना आपण पळतो तसं. १७ म्हणजे शाळेच्या मैदानावरच्या शर्यतीसारखं, आणि तेही खांद्यावर ओझं घेऊन! उतरताना पुन्हा तेच. जमिनीला पाय लागतात तेव्हा वेग जास्त असतो आणि अंगाचं वजनही जास्त असतं, म्हणून चूक झाली तर मार दोन्हीकडून बसतो. शिकाऊ माणसाची चूक तर होणारच, ती धरूनच चालायचं.

आता तीच मुलगी १९५ च्या पंखाखाली ठेवून बघा. तो ग्लायडर थोडा जड, २५ किलो धरू. एकूण १३० किलो. पण पंख मोठा असल्यामुळे लागणारा वेग येतो ३० च्या आसपास. त्याच वाऱ्यात तिला पळायचं १५ च्या वेगानं. मुलगी तीच, वजन तेच, एक ग्रॅमही उतरलेला नाही. बदललं काय? पंखाचं माप. बस!

(हे आकडे समजण्यासाठी घेतलेत. प्रत्येक ग्लायडरचे खरे आकडे त्याच्या पुस्तिकेत असतात, ते बघायचे.)

म्हणून त्या मुलाचा ग्लायडर कितीही स्वस्त असला तरी तो तिच्यासाठी महागच. मोठ्या मापाचे जुने ग्लायडर बाजारात कमी येतात, कारण ते वापरणारेच कमी. त्यामुळे 'मिळतोय तो घेऊन टाकू' हा मोह होतो. लग्नसराईत उरलेल्या तयार ब्लाउजमधला एखादा ओढूनताणून बसवावा, तसा. हा मोह टाळायचा. चार महिने थांबायचं आणि तोवर शाळेच्या मोठ्या ग्लायडरवर शिकायचं.

दुसरा मोह याहून वाईट. जड माणसाला कुणीतरी शहाणा सांगतो की शिकाऊ ग्लायडर तुला पेलणार नाही, तू वरच्या दर्जाचा घे, तो दणकट असतो. हे ऐकायचं नाही. शिकाऊंच्या पंखाला बहुतेक एकाच थराचं कापड असतं. तो हळू उडतो, चुका माफ करतो, उतरताना सांभाळून घेतो. वरच्या दर्जाचे दोन थरांचे पंख वेगवान असतात आणि हात बसलेल्या लोकांसाठीच असतात. मोठं माप हवं म्हणजे वरचा दर्जा हवा, असं नाही. नवीन शिकणाऱ्या उंच मुलीला मोठी लेडीज सायकल देतात, रेसची सायकल नाही देत!

आता वजनाची जी गोम आहे ती नीट ऐका, कारण ती सगळ्यांत जास्त फसवते. हँग ग्लायडरच्या पुस्तिकेत वजनाची मर्यादा दिलेली असते, इतक्यापासून इतक्यापर्यंत. ती बहुतेक वेळा टांगलेल्या वजनाची असते. म्हणजे माणूस आणि त्याच्या अंगावरचं सगळं सामान, पण ग्लायडर सोडून. सकाळी उपाशीपोटी गाऊनवर काट्यावर उभं राहून दिसलेला आकडा इथे चालत नाही. हार्नेस, पॅराशूट, हेल्मेट, पाण्याची बाटली, सगळं घेऊन काट्यावर उभं राहायचं आणि मग दिसेल तो आकडा खरा. ९५ ची मुलगी तिथे १०५ ची असते. अमेरिकेत पुन्हा सगळं पौंडात चालतं, तेव्हा १०५ किलो म्हणजे साधारण २३१ पौंड, हेही लिहून ठेवायचं.

आणि त्या मर्यादेच्या अगदी वरच्या टोकाला बसेल असा पंख घेऊ नये. शिवणकाम करणाऱ्या बाईला हे सांगायला नको. शिलाईत आपण माया ठेवतोच. कापड आटतं, अंग भरतं. इथेही माया ठेवायची. मधोमध बसणारं माप मिळालं तर उत्तम. वरची मर्यादा ओलांडायची तर मुळीच नाही. ग्लायडरची भाराची चाचणी घेऊन ती मर्यादा ठरवलेली असते. तिच्यापुढे तो तुटेलच असं नाही, पण तुटणार नाही असं कुणी सांगितलेलंही नाही.

पंखाबरोबर बाकीचंही मापाचं हवं. हार्नेस अंगाला घट्ट, पण श्वास कोंडणार नाही असा. संकटकाळचं पॅराशूट तर नक्की आपल्या वजनाचं, कारण लहान पॅराशूट उघडलं तरी जड माणूस वेगानं खाली येतो. चौकटीच्या आडव्या दांडीला चाकं लावून घ्यायची. पाय नाही टेकले तर ग्लायडर चाकांवर घरंगळतो आणि मनगटं वाचतात. जुना ग्लायडर घेताना नळ्या वाकल्यात का, कापड उन्हानं विरलंय का, तारांना कुठे मुरगळ किंवा तुटका धागा आहे का, हे स्वतःच्या हौशी डोळ्यांनी नाही, शिकवणाऱ्या जाणकाराकडून तपासून घ्यायचं. विकणारा म्हणतो 'फक्त दोनदा वापरलाय', ते आपण जुन्या मिक्सरबद्दलही ऐकतोच की!

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाही तर हा लेख नुसती शाबासकी होईल. माप मोठं मिळालं म्हणजे सगळं झालं, असं नाही. २५ किलोचा ग्लायडर उचलून वाळूत चढण चढावी लागते. पळावं लागतं. गुडघे, घोटे, कंबर यांना हे पेललं पाहिजे. दम लागत असेल, रक्तदाब असेल, गुडघे बोलत असतील तर आधी डॉक्टर. पण लक्षात घ्या, हा प्रश्न वजनाचा नाही, ताकदीचा आहे. ५० किलोची मुलगीही तिथे धापा टाकत बसू शकते आणि शेतात पाट्या वाहिलेली ८५ किलोची बाई तिला मागे टाकू शकते. आणि बनवलेल्या मोठ्यात मोठ्या पंखाच्याही मर्यादेपलीकडे वजन असेल तर उत्तर 'आत्ता नाही' असंच येतं. ते ऐकून घ्यायचं. त्यात अपमान नाही. आकाश कुणाची समजूत काढत नाही.

आणि हो, बारीक बायकांनी इथे खूश व्हायचं कारण नाही बरं! त्यांची अडचण उलटी आहे. पंख आपल्या मापापेक्षा मोठा असेल तर ४५ किलोची मुलगी दांडीला लोंबकळून अंग कितीही सरकवो, ग्लायडर ऐकतच नाही. वाऱ्याचा झोत आला की तो तिला घेऊन जाईल तिकडे. ग्लायडर खांद्यावर पेलणंही तिला जड जातं, कारण तो तिच्या वजनाच्या निम्म्याइतका असतो. जाड मुलीला मात्र इथे फायदा असतो. तिचं वजन पंखाला हुकमात ठेवतं. आजवर 'जाडी' म्हणून हिणवलेल्या मुलीला 'तुझ्या हाताखाली पंख चांगला वळतो' असं सांगणारी जागा जगात आहे, हे मला फार आवडलं.

हे सगळं अमेरिकेतलं, आपल्याला काय त्याचं, असं कुणी म्हणेल. पण पुणे आणि लोणावळ्याच्या मधल्या कामशेतला १९९० च्या दशकापासून लोक पॅराग्लायडिंग शिकतायत. पावसाळा संपला की तिथल्या टेकड्यांवर रंगीत कापडं तरंगताना दिसतात. हिमाचलातल्या बीर-बिलिंगला तर २०१५ साली पॅराग्लायडिंगची विश्वचषक स्पर्धा झाली. पॅराग्लायडर म्हणजे सांगाडा नसलेला, दोऱ्यांनी जोडलेला निव्वळ कापडी पंख. वाहन वेगळं, पण वजनाचा नियम तोच. फरक एवढाच की तिथे मर्यादा बहुधा एकूण वजनाची देतात, म्हणजे पंखाचं वजनही त्यात धरून. त्यामुळे एकाचा आकडा दुसऱ्याला लावायचा नाही. 'तुम्ही दिलेला आकडा कशाकशासकट आहे?' हा प्रश्न विचारायलाच हवा. सहलीला गेल्यावर शिक्षकाच्या पुढ्यात बसून दहा मिनिटांची फेरी मारायची असली तरीही.

आणि तिथे टेबलाशी बसलेला मुलगा वजन विचारतो, तेव्हा काय होतं, ते आपल्याला ठाऊक आहे. बाईला वय विचारू नये आणि वजन तर नाहीच, असं आपण हसत हसत म्हणतो. नवरा शेजारी, दीर मागे, रांगेत कॉलेजची पोरं. बहात्तर असेल तर तोंडातून पासष्ट येतं. पाच-सात किलोंनी काय फरक पडतो! मैत्रिणींनो, पडतो. शिक्षकाचं वजन, आपलं वजन, सामानाचं वजन यांची बेरीज करून तो मुलगा पंख निवडतो. आपण चोरलेले सात किलो त्याच्या वहीत चढत नाहीत, पण हवेत ते आपल्याबरोबर असतातच. काट्याला लाज नसते आणि वाऱ्याला तर नसतेच नसते. आपल्याकडेही या खेळात माणसं दगावली आहेत. तेव्हा वजन विचारणाऱ्याचा राग मानू नका. उलट जो वजन न विचारता, काट्यावर उभं न करता पट्टे आवळायला लागतो, त्याच्यापासून चार पावलं दूर व्हा आणि पैसे परत मागा.

खरं सांगू का, मला या पत्रात सगळ्यांत जास्त टोचलं ते 'आधी वीस किलो उतरव, मग' हे वाक्य. आपल्यापैकी किती जणींचं आयुष्य या 'मग'पाशी अडकलंय! वजन उतरलं की मग पोहायला जाईन. उतरलं की मग स्कूटर शिकेन. मग पंजाबी ड्रेस घालीन, मग फोटो काढीन, मग गॅदरिंगमध्ये नाचीन. वजन काही उतरत नाही आणि 'मग' काही येत नाही. चाळिशी उलटते, पन्नाशी येते. पुरुषांचं असं होताना मी फारसं पाहिलं नाही. ढेरपोटे काका खुशाल विहिरीत सूर मारतात, पाणी सगळ्यांच्या अंगावर उडतं आणि कुणी त्यांना आधी वीस किलो उतरवायला सांगत नाही.

तब्येतीसाठी वजन उतरवावं, जरूर उतरवावं. मधुमेह, गुडघे, रक्तदाब यांची कारणं डॉक्टर सांगतातच, आणि या पानावर आपण ती पुन्हा पुन्हा छापतोच. पण ते वेगळं काम आहे आणि ते चालू असताना जगणं बंद ठेवायचं नसतं. वजनाची लाज मात्र आजच उतरवावी. ती एका दिवसात उतरते आणि ती उतरली की निम्मे धोके आपोआप कमी होतात. कारण लाजणारी बाई खरा आकडा सांगत नाही, मोठं माप मागत नाही, 'हे मला होत नाही, दुसरं दाखवा' म्हणत नाही. लहान पडणाऱ्या वस्तूत ती स्वतःला कोंबते. मग ती खुर्ची असो, ब्लाउज असो की पंख.

तेव्हा ताई, लेकीला फोन करा आणि नाही म्हणू नका. तिला चारच गोष्टी विचारा. सगळं सामान घेऊन तुझं वजन किती भरलं? त्या पंखाच्या पुस्तिकेतली मर्यादा किती आणि तू तिच्यात मधोमध बसतेस का? हा पंख शिकाऊंसाठीचाच आहे ना? आणि तुझ्या शिक्षकानं तो हात लावून तपासला का? चारही उत्तरं नीट आली तर आशीर्वाद द्या. एकही अडलं तर तिला म्हणा, बाळ, तू ठीक आहेस, पंख बदल.

आणि बाकी आपण सगळ्या जणी? आपल्यापैकी फार थोड्या जणी कधी टेकडीवरून उडी घेतील. पण मोठं माप मागायची वेळ प्रत्येकीवर येते. कापडाच्या दुकानात, दवाखान्यात रक्तदाब मोजताना दंडाचा पट्टा पुरत नाही तेव्हा, दुचाकीचं हेल्मेट घेताना, पाळण्यात बसताना. दवाखान्यातलंच घ्या. जाड दंडाला लहान पट्टा आवळला तर रक्तदाब आहे त्यापेक्षा जास्त दिसतो आणि नको ती गोळी मागे लागू शकते. तिथेही मोठा पट्टा मागायचा असतो. मान खाली घालून नाही, दुकानात डाळ मागतो तशा साध्या आवाजात.

आपलं वजन हा एक आकडा आहे. बुटाच्या नंबरासारखा, चष्म्याच्या नंबरासारखा. तो लपवला तर वस्तू चुकीची मिळते, सांगितला तर बरोबर मिळते. इतकं साधं आहे ते. पुढच्या वेळी कुणी विचारलं तर खरा आकडा सांगून बघा. जोरात, रांगेतल्या मागच्या बाईलाही ऐकू जाईल असा. काय सांगावं, तिचाही खरा आकडा तोंडावर येऊन अडलेला असेल.